नऊवारीत जगाचा इतिहास

जगाचा इतिहास बरोबर अठरा हात भरतो. माझ्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पुस्तकं लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नाही, कारण त्यांनी तो नुसता लिहिला, मोजून कधी पाहिला नाही. मी मराठी दुसरी शिकलेली बाई. मला मोजावा लागला.

त्याचं असं झालं. छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात सरकारने राज्यं मोडून नवी केली, आणि माझ्या मुलाची, नरहरची, कचेरी फायलींसकट नागपूरहून उचलून भोपाळला आणून ठेवली. फायलींबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर त्यांच्या आया आल्या. आमची नात कांचन तेव्हा सहावीत होती. तिचा शाळा सोडल्याचा दाखला नागपूरहून नीट आणला होता, पण त्यावर शिक्का होता मध्य प्रदेशचा.

इथल्या शाळेच्या बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "यह तो पुराना मध्य प्रदेश है."

नरहर म्हणाला, "आणि हा कुठला आहे?"

"यह नया है. नागपूर अब बंबई राज्य में है. बंबईवालों की सही लाइए."

मुंबईवाल्यांनी उत्तर पाठवलं की मुलीने शाळा सोडली त्या दिवशी नागपूर आमचं नव्हतं, सबब सही करता येत नाही. मग पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. सहा महिने आमची पोर कुठल्याच राज्यात नव्हती. टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या ओसरीत बसून होती. या नगराला तात्या टोप्यांचं नाव दिलंय, म्हणजे आपल्याच माणसाचं. पण एका मराठी पोरीला बाकावर बसायला जागा मिळेना.

शेवटी मे महिन्यात कुणीतरी दया येऊन सही केली, तर बहनजी म्हणाल्या, आता वर्ष गेलं. जुलैत तोंडी परीक्षा द्या, पास झाली तर सातवीत घेऊ. हिंदी, गणित आणि इतिहास.

हिंदीची मला चिंता नव्हती. गल्लीतल्या पोरींशी भांडून भांडून कांचनची हिंदी माझ्या मराठीइतकी धारदार झाली होती. गणित नरहर बघत होता. घोडं अडलं इतिहासापाशी. पुस्तक होतं सगळ्या जगाचं. त्यात ग्रीस, रोम, इंग्लंड, सगळे ऐसपैस बसलेले, आणि आपल्या देशाला साडेतीन पानं. पहिल्या पानावर एक सरकारी चिठ्ठी चिकटवलेली: राष्ट्रीय इतिहास को विश्व इतिहास में यथास्थान जोड़कर पढ़ाया जाए.

मी स्वतः शाळेत जाऊन विचारलं, "यथास्थान म्हणजे नेमकं किधर?"

बहनजी म्हणाल्या, "माताजी, आदेश आ गया है. कहाँ जोड़ना है, उसकी पुस्तिका बाद में आएगी."

घरी आल्यावर नरहर म्हणाला, "आई, उगाच ओढाताण नको. पास नाही झाली तर नागपूरला कमलताईकडे ठेवू. तिथे शाळा आहे, भाषा आहे."

कमलिनी माझीच लेक, तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण तिला पाच मुलं आहेत, आणि तिच्या घरात सहावं मूल गेलं की ते पाचांना सांभाळायला लागतं. शिवाय खरं सांगायचं तर या घरात माझ्याशी भांडायला कांचनशिवाय दुसरं कोणी नाही. सून वसुधा फार गुणी. कधी उलट बोलत नाही. अशा सुनेबरोबर दिवस काढणं किती जड जातं, ते मला विचारा.

म्हणून मी म्हटलं, "इतिहास मी शिकवते."

नरहर हसला. आईला हसणारा मुलगा घरात असला की कामाला जोर येतो.

माझ्याकडे एक दंडाचं लुगडं होतं. दोन जुनी लुगडी मधून विरली की त्यांचे धड तुकडे जोडून एक करतात, त्या जोडाला दंड म्हणतात. नऊ वार म्हणजे अठरा हात. एका हाताची चोवीस बोटं. एका बोटाला मी दहा वर्षं दिली. पदराचं टोक म्हणजे आज, आणि तिथून मागे मागे जायचं. नरहरने कागदावर हिशेब केला आणि त्याचं हसणं थांबलं, कारण चार हजार तीनशे वीस वर्षं बसत होती. मोहेंजोदारोचा थोडा भाग बाहेर लोंबत राहिला. म्हटलं राहू दे, नाहीतरी तो आता पाकिस्तानात आहे.

वरच्या काठाला निळ्या दोऱ्याने जग, खालच्या काठाला लाल दोऱ्याने आपण. कांचन पुस्तकातून वाचायची, वसुधा सुईत दोरा ओवायची, मी टाका घालायची. गौतम बुद्धाला पिंपळपान, अशोकाला चक्र, रोमला मी एक तलवार काढली, ती उलथन्यासारखी दिसते. पण रोमवाले काही बघायला येणार नव्हते. गंमत म्हणजे इसवी सन जिथे सुरू होतो तिथे बरोबर दंड आला. कांचन उड्या मारायला लागली, "आजी, सन पूर्व एका लुगड्यात आणि सन नंतर दुसऱ्या लुगड्यात!" मी असा चेहरा केला की जणू मी ते ठरवूनच केलं होतं.

मध्ये मध्ये मात्र लाल काठ नुसताच पडून राहिला. कांचनने विचारलं, "एवढं हातभर कापड आपल्याकडे काहीच झालं नाही का ग?"

"झालं असेल की. बायका पाणी भरत असतील, पोरं वाढवत असतील. त्याची कोण पुस्तकं लिहितंय?"

आता नऊ वार एकदम पसरायला क्वार्टरात जागा कुठली? मी एक टोक आमच्या ओसरीच्या खांबाला बांधलं आणि दुसरं शेजारच्या मनोरमाबाईंच्या. इथेच चुकलं. लुगडं घरात असतं तर इतिहास माझ्या एकटीचा राहिला असता.

मनोरमाबाई मूळच्या इंदूरच्या. टाळू झाकेल एवढा पदर घ्यायचा आणि बोलताना मान वेळावायची, अशी त्यांची रीत. पहिल्याच दिवशी चष्मा लावून पदराकडचा भाग तपासला आणि म्हणाल्या, "काकू, आमच्या अहिल्याबाई कुठे आहेत?"

"जागा ठेवलीय. तीन बोटं."

"फक्त तीन? अहो, यजमान गेल्यापासून धरा ना. चार-साडेचार तरी होतील."

"मनोरमा, यजमान गेल्यापासून धरलं तर प्रत्येक बाईला दोन-चार बोटं द्यावी लागतील. मलासुद्धा."

दुसऱ्या दिवशी नरहरच्या कचेरीतले गोपीनाथराव आले. नागपूरचे, सतत तपकीर ओढणारे. चहा होईपर्यंत गप्प बसले, आणि मग, "माई, आमच्या नागपूरच्या भोसल्यांना पानिपताच्या पोटात का घातलंय? वेगळा टाका हवा. नागपूर-वऱ्हाडावर नेहमीच अन्याय होतो."

मी म्हटलं, "गोपीनाथराव, वऱ्हाड मुंबईला गेलं आणि तुम्ही भोपाळला आलात. अन्याय तुम्ही स्वतःच बिस्तऱ्यात बांधून आणलाय, मी काय करू?" पण टाका घातला. माणूस चहा पिऊन घोरपडीसारखा चिकटून बसून राहतो, उठत नाही.

मग पलीकडच्या बिल्कीस आपा. त्या खास भोपाळच्या, जुन्या शहरातल्या. मुलाला क्वार्टर मिळालं म्हणून इकडे राहायला आलेल्या. पानाचा डबा मांडीवर घेऊन त्यांनी अख्खं लुगडं चालत चालत बघितलं आणि मला म्हणाल्या, "ऐ बहन, तुम भोपाल का पानी पी रही हो और भोपाल ही गायब?"

मी जरा ताठ झाले. म्हटलं, "नवाबांना कुठे कुठे जागा देऊ, आपा?"

"नवाब को कौन कह रहा है? बेगमात! एक के बाद एक चार औरतों ने राज किया यहाँ. एक सौ सात बरस."

मी सुई खाली ठेवली. "चार बायका? लागोपाठ?"

"माँ के बाद बेटी, बेटी के बाद उसकी बेटी."

"आणि जावई काय करत होते?"

आपांनी पान तोंडात टाकलं. "जो दामाद करते हैं. शिकार."

मी त्याच दिवशी बेगमांना सलग अकरा बोटं दिली, दुहेरी दोऱ्याने. गोपीनाथराव रुसून तीन दिवस आमच्याकडे आले नाहीत, त्यामुळे चहाही वाचला. राज्यांची फेररचना करणाऱ्या साहेबांची मला त्या महिन्यात फार दया आली. त्यांना तर सुईसुद्धा नव्हती.

पाचव्या दिवशी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर सायकलवरून उतरला. हातात कागद. सरकारी घरांच्या दर्शनी भागात कपडे वाळत घालण्यास मनाई आहे.

"वाळत नाही घातलेलं," मी म्हटलं. "शिकवत घातलंय."

त्याने कागद उलटून पाहिला. तसं काही कलम नव्हतं. मग तो लुगड्याच्या कडेकडेने चालत गेला, परत आला, आणि हळूच म्हणाला, "माताजी, झाँसी किधर है?" झाशी दाखवल्यावर त्याने टोपी काढली आणि नोटीस खिशात घालून गेला.

जूनच्या अखेरीस सगळं तयार झालं. कांचनला अठरा हात तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल की पानिपत कुठे आणि त्याच्यासमोर अमेरिका कुठे. मी नरहरला म्हटलं, "घे आता परीक्षा."

नरहरने पुस्तक उघडलं. "शिवाजीमहाराजांचा जन्म?"

कांचनने छाती काढली. "पदरापासून एक हात सोळा बोटं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी. पंधराशे सत्तावन्न."

नरहर म्हणाला, "म्हणजे अकबर गादीवर बसला त्याच्या दुसऱ्या वर्षी?"

"हो," कांचन म्हणाली, पण जरा बिचकत.

"भारत स्वतंत्र कधी झाला?"

"सव्वा बोट. साडेबारा वर्षांपूर्वी. सन पंचेचाळीस."

"अस्सं. दोन वर्षं आधीच. आणि आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही."

मी घाबरून लुगड्याशी गेले. सगळे टाके जागच्या जागी होते. शिवाजीमहाराज पदरापासून एक हात नऊ बोटं, जिथे घातले तिथेच. तेव्हा वसुधा, जी कधी बोलत नाही ती, भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिने तिच्या हाताने मोजलं असेल."

बारा वर्षांच्या पोरीचा हात तो केवढा! माझा अठरा इंचांचा, तिचा पंधरा. बोटंही तशीच बारीक. तिच्या हाताने जगाचा इतिहास बावीस हात भरत होता आणि सगळे राजे आपापल्या जन्माच्या आधी मरत होते. महिनाभर पोरीने लुगड्याशी बसून जिवापाड पाठ केलं, आणि कुणाच्या हाताने मोजायचं ते सांगायला मी विसरले. कापड घेताना दुकानदाराला मी शंभरदा बजावलं असेल की माझ्या हाताने मोज म्हणून.

नरहर ओरडला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, "आई, आठ दिवस राहिले. मी कमलताईला पत्र टाकतो."

कांचन माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. मी तिला म्हटलं, "बघतेस काय? बापाला पत्र लिहू दे. पोस्टात टाकायचं ते मी पाहीन." आणि खरंच, ते पत्र मी तांदळाच्या डब्यात टाकलं.

उपाय वसुधानेच सांगितला. "आई, तुमच्या हाताची दोरी करून द्या तिला." काळ्या दोऱ्याची हातभर दोरी केली, बोटाबोटावर गाठ मारली, चोवीस गाठी. आठ दिवस त्या दोरीने पोरीने सगळं पुन्हा मोजलं. महाराज परत आपल्या काळात आले.

परीक्षेच्या दिवशी तिने हट्ट धरला, "आजी, तू तेच लुगडं नेस. दारात दिसलीस की मला आठवेल." मी नेसले. मोहेंजोदारो कमरेच्या गाठीत, रोम कासोट्यात, बेगमा आणि पानिपत छातीवरून वर, आणि स्वातंत्र्य खांद्यावर. असं ऐटीत मी कधी लग्नातही चालले नव्हते.

कांचन आत गेली, मी व्हरांड्यात बसले. पाच मिनिटांत आतून बडी बहनजींचा आवाज चढला, "यह क्या है? नकल?"

दोरी सापडली होती. पोरीने ती मनगटाला बांधली होती आणि प्रश्न विचारला की गाठी मोजत होती. मी आत घुसले. खुर्चीत एक निरीक्षकसाहेब बसले होते, पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीचे.

"नकल नाहीये," मी म्हटलं. "वह मेरा हाथ है."

दोघांनी माझ्या हाताकडे बघितलं, तो तर जागेवर होता. मग मला सगळं सांगावं लागलं. सांगता सांगता मी पदर पसरून दाखवला: ही फाळणी, ही झाशी, हे पानिपत. निरीक्षकसाहेब खुर्चीतून पुढे सरकले. बहनजींचा मात्र विश्वास बसेना. "और रोम? रोम कहाँ है?"

मी पदर आवरला. "रोम मी भर शाळेत दाखवणार नाही."

निरीक्षकसाहेब खोकले. बहनजी क्षणभर कोड्यात पडल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या लाल झाल्या. पण बाई हुकमी, मागे हटेना. मला बाजूच्या खोलीत नेलं, शाळेतल्या चपराशीण बाईची साडी आणून दिली. पाचवारी! छप्पन्न वर्षांत मी पाचवारी नेसले नव्हते. पायात काहीच नसल्यासारखं वाटत होतं. भिंतीला पाठ लावूनच मी बाहेर आले आणि शेवटपर्यंत भिंत सोडली नाही.

वर्गाच्या दोन टोकांना दोन खुर्च्यांवर दोन बायका उभ्या करून लुगडं ताणलं. कांचनला दोरी परत मिळाली. निरीक्षकसाहेब विचारत गेले, ती लुगड्याच्या कडेने पळत गेली आणि गाठी मोजून साल सांगत गेली. इंग्रजांनी स्वतःच्या राजाचं डोकं उडवलं तेव्हा महाराज एकोणीस-वीस वर्षांचे होते, हे तिने सांगितलं तेव्हा साहेबांनी स्वतः वाकून दोन टाक्यांमधलं अंतर पाहिलं.

शेवटी त्यांनी चिठ्ठीवरचाच प्रश्न काढला. "बेटी, राष्ट्रीय इतिहास का यथास्थान कहाँ है?"

मी डोळे मिटले. हा तर आम्ही बसवलाच नव्हता.

कांचन म्हणाली, "नीचे के काठ में, साहब. इस सिरे से उस सिरे तक. जहाँ लाल धागा नहीं है वहाँ भी है; आजी कहती हैं, वहाँ औरतें पानी भर रही थीं."

साहेबांनी खालचा काठ हातात घेऊन तो रिकामा भाग पाहिला. मग हळूच बहनजींना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, "माताजी, इसमें रीवा नहीं है."

"तुम्ही रीव्याचे?"

"तानसेन पहले हमारे यहाँ था. अकबर तो बाद में ले गया."

मी पिशवीतली सुई काढली. "साल बोलो." त्यांनी साल सांगितलं, कांचनने गाठी मोजल्या, आणि अकबराला खेटून, चाळिसाव्या बोटाशी, मी एक एवढासा तंबोरा घातला. सरकारी परीक्षा तेवढा वेळ थांबली.

पास झाली, हे कुणाला सांगावं लागलं नाही. बहनजींनी दाखल करण्याचा कागद पुढे ओढला. पण कागद म्हटला की अडचण आलीच. "नवंबर से जून तक यह कहाँ पढ़ी? उस पाठशाला का प्रमाणपत्र?"

"घरीच पढ़ी," मी म्हटलं.

"तो घर का प्रमाणपत्र चाहिए. बिना उसके नाम नहीं चढ़ेगा."

कागदपत्रं नरहरचं काम, म्हणून मी त्याची वाट बघायला लागले. निरीक्षकसाहेबांनी कोरा कागद आणि आपला टाक माझ्यापुढे सरकवला. "जिसने पढ़ाया वही देगी. लिखिए."

आयुष्यात मी सही केली आहे ती दुधाच्या कार्डावर आणि मनीऑर्डरीवर. भिंतीला पाठ लावून, परक्या साडीत, मी खाली बसले. बहनजी एकेक रकाना सांगत गेल्या, मी बाळबोधीत लिहीत गेले. शाळेचं नाव: आमची ओसरी. शिक्षिका: सुमित्राबाई पांढरीपांडे, मराठी दुसरी. मुलीची प्रगती: स्वतःच्या हाताने मोजत होती तोवर वाईट, नंतर उत्तम. वर्तणूक: उलट बोलते; ते चालू ठेवावे.

"पाठशाला छोड़ने का कारण?" बहनजींनी विचारलं.

कांचन माझ्या खांद्याला टेकून वाचत होती. मी टाक शाईत बुडवला आणि सावकाश, अक्षर नीट यावं म्हणून ओठ दाबून, लिहिलं: मुलगी इथेच राहणार आहे म्हणून.